गट की कुळ? गुरूचे दूरचे उपग्रह आणि आपले तक्ते

ऑगस्ट २०२३ मध्ये आमच्या तालुक्यातील माध्यमिक शाळांसाठी विज्ञान प्रश्नमंजूषा झाली. प्रश्न आम्ही चार-पाच शिक्षकांनी मिळून काढले होते. शेवटच्या फेरीत एक प्रश्न होता: सूर्यमालेत सर्वांत जास्त उपग्रह कोणत्या ग्रहाला आहेत? आमच्या उत्तरपत्रिकेत ‘गुरू, ९२’ असे लिहिलेले होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत वर्तमानपत्रात आलेली बातमी आम्ही कापून ठेवली होती. नववीतल्या एका मुलीने उत्तर दिले, ‘शनी, एकशे पंचेचाळीस.’ आम्ही घंटा वाजवली. प्रश्न पुढच्या संघाकडे गेला आणि त्यांनी अर्थातच ‘गुरू’ म्हटले. त्या पाच गुणांनी मुलीचा संघ दुसरा आला, ढाल दुसऱ्या शाळेत गेली.

चूक आमची होती. मे २०२३ मध्ये शनीच्या नव्या उपग्रहांची घोषणा होऊन शनी पुन्हा पुढे गेला होता आणि ते कात्रण आमच्या फायलीत नव्हते. आम्ही तिच्या शाळेला दिलगिरीचे पत्र पाठवले. आठवड्याने तिचे पोस्टकार्ड आले. गुणांविषयी त्यात चकार शब्द नव्हता. तिने दोन प्रश्न विचारले होते. उपग्रह म्हणवून घ्यायला तो किती मोठा असावा लागतो? आणि सगळे मोजून झाले, हे कोण ठरवते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे आणि थोडे लाजिरवाणेही. उपग्रहाला किमान आकाराची मर्यादा आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने घालून दिलेलीच नाही. शनीच्या कड्यांतला प्रत्येक बर्फाचा तुकडा शनीभोवती फिरतो, त्याला आपण उपग्रह म्हणत नाही. पण तुकडा कुठे संपतो आणि उपग्रह कुठे सुरू होतो, याची रेघ कुणी ओढलेली नाही. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याहून सोपे: कोणीच ठरवत नाही. जितकी दुर्बीण मोठी आणि छायाचित्र घेण्याची युक्ती बारीक, तितके उपग्रह अधिक.

आकड्यांचा इतिहासच पाहा. व्हॉयेजर याने गुरूजवळून गेल्यानंतर, म्हणजे १९७९नंतर, पुस्तकांत गुरूचे १६ उपग्रह होते. शनीचे १९९० साली पॅन सापडल्यावर १८ झाले. आमच्यापैकी बहुतेकांनी हेच आकडे पाठ केले आणि पुढे करून घेतले. २००० साली शनीचे बारा नवे उपग्रह सापडले. २००३ सालापर्यंत गुरूने साठी ओलांडली. ऑक्टोबर २०१९ मध्ये शनी ८२, गुरू ७९. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुरू ९२, शनी ८३. त्याच वर्षीच्या मे महिन्यात शनी १४५. मार्च २०२५ मध्ये शनीच्या एकदम १२८ नव्या उपग्रहांना मान्यता मिळाली आणि आकडा २७४ झाला. एका संशोधक गटाने गुरूच्या शेजारच्या आकाशाच्या एका छोट्या तुकड्याची जुनी छायाचित्रे नव्याने तपासून २०२० मध्ये असा अंदाज मांडला, की ८०० मीटरपेक्षा मोठे, उलट्या दिशेने फिरणारे उपग्रह गुरूला सुमारे ६०० तरी असावेत. म्हणजे आपण ज्याला गुरू आणि शनी यांची शर्यत समजतो, ती पुष्कळ अंशी दुर्बिणींच्या वेळापत्रकाची शर्यत आहे.

आकडा बदलतो म्हणून आम्ही तक्रार करत नाही. विज्ञानात आकडे बदलतातच. आमची तक्रार अशी, की हा प्रश्न विचारून आपण या उपग्रहांविषयी विचारण्यासारखे सर्व काही झाकून टाकतो.

आता प्रयोगशाळेच्या भिंतीवरचा तक्ता डोळ्यांसमोर आणा. मध्ये पट्ट्यापट्ट्यांचा गुरू, भोवती चार सुबक वर्तुळे, त्यांवर आयो, युरोपा, गॅनिमीड, कॅलिस्टो. कोपऱ्यात एक चौकट: ‘इतर उपग्रह’, पुढे आकडा. आम्ही पाहिलेल्या जवळजवळ सर्व तक्त्यांत हीच मांडणी आहे आणि मार्गदर्शकांतही तिचीच नक्कल. ‘इतर’ म्हणजे किरकोळ असा मुलांचा समज होतो. पण दहा लाख किलोमीटरला एक सेंटीमीटर असे प्रमाण घेऊन हा तक्ता फळ्यावर पुन्हा काढा. गुरू टाचणीच्या डोक्याएवढा होईल, दीड मिलिमीटरही नाही. कॅलिस्टो त्याच्यापासून १.९ सेंटीमीटरवर. मग मोठी पोकळी. ‘इतर’ मंडळींची दाटी सुरू होते ती ११ सेंटीमीटरनंतर आणि पसरते २४ सेंटीमीटरच्याही पलीकडे. गुरूची सत्ता, म्हणजे जिथवर सूर्यापेक्षा गुरूची ओढ वरचढ ठरते तो प्रदेश, सुमारे ५३ सेंटीमीटरपर्यंत. तक्ता दाखवतो ते गुरूच्या राज्यातले फक्त राजवाड्याचे अंगण आहे.

पृथ्वीवरून पाहतानाही ही दूरची मंडळी गुरूच्या जवळ दिसत नाहीत. गुरू आपल्याला सर्वांत जवळ असतो तेव्हासुद्धा ती त्याच्यापासून दोन अंशांवर, म्हणजे पौर्णिमेचे चार चंद्र ओळीने मांडावेत इतक्या अंतरावर असू शकतात. त्या अंधुक ठिपक्यांपैकी कोणता गुरूचा आणि कोणता मधेच कडमडलेला लघुग्रह, हे एका रात्रीत कळत नाही. कित्येक महिन्यांची निरीक्षणे लागतात. थेमिस्टो हा उपग्रह चार्ल्स कोवाल यांना १९७५ मध्ये सापडला आणि पुरेशी निरीक्षणे नसल्याने हरवला. तो पुन्हा सापडला २००० साली. पंचवीस वर्षे एक उपग्रह हरवलेला होता, ही गोष्ट मुलांना सांगून पाहा. गुरूच्या व्यासापेक्षा ती अधिक लक्षात राहते.

या उपग्रहांना मराठीत ‘अनियमित उपग्रह’ म्हणतात. शब्द चुकीचा नाही, पण शाळेत तो दगा देतो. आमच्या वर्गात ‘अनियमित’ म्हणजे हजेरी कमी असलेला विद्यार्थी. मुलांना वाटते, हे उपग्रह कधी येतात, कधी येत नाहीत, किंवा न्यूटनचा नियम मोडतात. ते कोणताही नियम मोडत नाहीत. त्यांच्या कक्षा मोठ्या, लंबगोल आणि कललेल्या आहेत. शिवाय त्या इतक्या दूर आहेत, की सूर्याची ओढ त्यांना सतत डिवचत असते आणि कक्षेचे माप प्रत्येक फेरीत थोडे बदलते. दुसरा शब्द ‘वक्री’. काही पुस्तकांत उलट्या दिशेने फिरणाऱ्या उपग्रहांना ‘वक्री उपग्रह’ म्हटलेले आढळते. पंचांगात गुरू ‘वक्री’ होतो तेव्हा तो प्रत्यक्षात उलटा फिरत नसतो. आपली पृथ्वी त्याला मागे टाकते म्हणून तो तसा दिसतो. इथे मात्र उपग्रह खरोखरच उलटे फिरतात. एकच शब्द भास आणि वस्तुस्थिती या दोन्हींसाठी वापरला, की वर्गात गोंधळ होणार. आम्ही ‘सुलट’ आणि ‘उलट’ हे साधे शब्द वापरतो. ते पुरतात.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. ‘इतर’ या चौकटीत काय दडलेले आहे?

डिसेंबर १९०४ मध्ये अमेरिकेतील लिक वेधशाळेत चार्ल्स पेराइन यांना छायाचित्रांवर गुरूचा सहावा उपग्रह सापडला, दुसऱ्याच महिन्यात सातवा. १९०८ साली ग्रिनिच येथे फिलिबेर मेलॉट यांना आठवा सापडला. तो कितीतरी दूर आणि उलट फिरणारा निघाला. १९१४ मध्ये लिक वेधशाळेतच सेठ निकल्सन हा तरुण त्या आठव्याचीच छायाचित्रे घेत असताना त्याला नववा दिसला. पुढे माउंट विल्सन येथून निकल्सन यांनीच १९३८ साली आणखी दोन आणि १९५१ साली एक शोधला. १९७४ मध्ये कोवाल यांनी पालोमार येथून तेरावा टिपला. इतकी वर्षे या सर्वांना फक्त क्रमांक होते. १९७५ साली नावे ठरली आणि ती ठरवताना एक छान युक्ती योजली गेली. सुलट फिरणाऱ्यांची नावे ‘आ’ने संपतात: हिमालिया, एलारा, लिसिथिया, लीडा. उलट फिरणाऱ्यांची ‘ए’ने: पासिफाए, सिनोपे, कार्मे, अनान्के. नाव ऐकताच दिशा कळते. (हिमालिया हे नाव ऐकून मुले हिमालयाकडे बोट दाखवतात. संबंध काही नाही. ती ग्रीक पुराणातली ऱ्होड्स बेटावरची एक अप्सरा.)

हे आठ उपग्रह आलेखाच्या कागदावर मांडायला द्यावेत. आडव्या अक्षावर गुरूपासूनचे सरासरी अंतर लाख किलोमीटरमध्ये, उभ्या अक्षावर कक्षेचा कल अंशांत. नव्वदपेक्षा जास्त कल म्हणजे उलट दिशा. लीडा १११, हिमालिया ११४, लिसिथिया ११७, एलारा ११७. या चौघांचा कल २८ अंशांच्या आसपास. अनान्के २१० आणि १४९ अंश, कार्मे २३१ आणि १६५, पासिफाए २३५ आणि १४८, सिनोपे २३७ आणि १५८. आकडे ढोबळ आहेत, पण शाळेला पुरेत.

मुलांना सांगावे, या ठिपक्यांचे गट करा. बहुतेक जण दोन वर्तुळे काढतात. खालच्या डाव्या कोपऱ्यात चार ठिपके एकमेकांना चिकटलेले, वरच्या उजव्या कोपऱ्यात चार जरा सैल. आणि ही दोन वर्तुळे हीच १९७०च्या दशकातली खगोलशास्त्रज्ञांची समजूत होती. दोन गट, बहुधा दोन मूळ पिंड, ते फुटून झालेली चार-चार शकले. ज्युसेप्पे कोलंबो आणि फ्रेड फ्रँकलिन यांनी १९७१ मध्ये तर दोन्ही गट एकाच टकरीतून निघाले असावेत अशी कल्पना तपासून पाहिली होती.

१९९९नंतर मोठ्या दुर्बिणींना विस्तृत आकाश एकदम टिपणारे इलेक्ट्रॉनिक कॅमेरे लागले आणि पाच-सहा वर्षांत वरच्या कोपऱ्यात डझनावारी ठिपके पडले. ते चारही जुन्या ठिपक्यांभोवती सारखे पसरले नाहीत. कार्मेभोवती एक घट्ट पुंजका झाला, अनान्केभोवती दुसरा आणि पासिफाएभोवती एक सैल, विस्कटलेला घोळका. जो एक गट समजला गेला, तो तीन निघाले. आठ ठिपक्यांच्या काळातल्या शास्त्रज्ञांनी चूक केली असे आम्ही म्हणणार नाही. चार ठिपक्यांत जितके दिसते तितके त्यांना दिसले. आमचा आक्षेप पुढच्या पायरीला आहे, आणि ती पायरी आजही बातम्यांत, लेखांत आणि आमच्या स्वतःच्या तासांतही सर्रास ओलांडली जाते: ठिपके जवळ आले, की ‘हे सर्व एकाच पिंडाचे तुकडे’ असे सांगून मोकळे होणे.

गट वेगळा आणि कुळ वेगळे. गट आपण करतो, सोयीसाठी. एका बाकावर बसलेली मुले हा गट झाला. कुळ म्हणजे एकाच मूळ पुरुषाची संतती. तो इतिहासाविषयीचा दावा आहे आणि दाव्याला पुरावा लागतो. बाकावर शेजारी बसली म्हणून मुले भावंडे होत नाहीत, आणि भावंडे कधी वेगवेगळ्या बाकांवरही बसतात.

पुरावा कसा तपासायचा? सुदैवाने त्याचे पहिले गणित दहावीच्या मुलांना झेपणारे आहे. कार्मे गुरूला एक फेरी सुमारे ७३४ दिवसांत घालते. अंतर २३१ लाख किलोमीटर. परीघ काढा, सेकंदांनी भागा. वेग येतो सेकंदाला सुमारे २.३ किलोमीटर. आता कार्मेचा व्यास सुमारे ४६ किलोमीटर. तिची घनता पाण्याच्या दीडपट धरली, तर तिच्या पृष्ठभागावरून सुटून जाण्याचा वेग येतो सेकंदाला जेमतेम २० मीटर. एवढ्या आकाराचा पिंड टकरीत फुटला, तर सुटलेले तुकडे एकमेकांपासून साधारण अशाच वेगाने दूर जातील. त्याहून फार वेगाने जायचे तर टक्कर भयंकर हवी आणि मग तुकडे उरणार भुग्याच्या स्वरूपात. २३०० मीटरच्या वेगात २० मीटरची भर म्हणजे एक टक्काही नाही. ही भर आडवी पडली, तर कक्षेचा कल बदलेल फार तर अर्ध्या अंशाने. पुढे किंवा मागे पडली, तर अंतर बदलेल दोन टक्क्यांच्या आत, म्हणजे चारेक लाख किलोमीटर.

हे उत्तर हातात घेऊन आलेखाकडे परत या. कार्मेच्या गटातील उपग्रहांच्या कलांत एकूण फरक जेमतेम एका अंशाचा आहे आणि अंतरांत काही लाख किलोमीटरचा. गणित आणि आलेख जुळतात. कार्मेचे कुळ हा दावा पहिल्या चाळणीतून खाली पडत नाही.

पासिफाएच्या घोळक्याला तीच चाळणी लावा. तिथे कलांचा पसारा दहा-पंधरा अंशांचा आहे. मध्यापासून दोन्ही बाजूंना सहा अंश धरले, तरी तुकड्यांना सेकंदाला अडीचशे मीटरच्या आसपास वेग मिळायला हवा होता. पासिफाएचा व्यास आहे ६० किलोमीटरच्या आसपास आणि सुटकेचा वेग तीस मीटरच्याही आत. आठ-नऊ पट फरक. एका टकरीची कथा इथे बसत नाही. मग एकाहून अधिक टकरी झाल्या असतील, किंवा सूर्याच्या लयबद्ध ओढीने काहींच्या कक्षा हळूहळू सरकल्या असतील, किंवा काही सभासद मुळातच उपरे असतील. ‘पासिफाए गट’ म्हणायला हरकत नाही. ‘पासिफाएची लेकरे’ म्हणायला आहे.

हिमालियाच्या गटात आणखी वेगळा पेच आहे. कल छान जुळतात, पण एकूण पसारा अपेक्षेपेक्षा जास्त भरतो. मात्र हिमालिया ही सर्व दूरच्या उपग्रहांत मोठी, दीडशे किलोमीटरच्या घरातली. अपोस्टोलोस क्रिस्टू यांनी २००५ मध्ये दाखवले, की अब्जावधी वर्षांच्या जवळून जाण्या-येण्यात तिच्याच गुरुत्वाकर्षणाने आपल्या तुकड्यांना इकडेतिकडे ढकलले असणे शक्य आहे. आम्हाला हे स्पष्टीकरण पटते. पण वर्गात सांगताना ‘शक्य आहे’ हे दोन शब्द गाळू नयेत, एवढेच.

दुसरी चाळणी रंगाची. सूर्यप्रकाश परतवताना हे पिंड तो किंचित बदलतात. वेगवेगळ्या गाळण्यांतून छायाचित्रे घेऊन ते मोजता येते. एकाच पिंडाची शकले असतील, तर रंग सारखे असावेत. कार्मेच्या गटातले सभासद बहुतेक फिकट तांबूस आहेत. एखाददुसरा अपवाद आहे. हिमालियाचा गट करडा. पासिफाए करडी आहे आणि तिच्या शेजारची सिनोपे तांबूस. आलेखातला सिनोपेचा ठिपका तसाही थोडा एकटाच पडलेला दिसतो. रंग त्या शंकेला दुजोरा देतो. पण इथेही घाई नको, कारण पृष्ठभागाचा रंग उन्हाने, किरणांनी आणि धुळीच्या माऱ्याने बदलू शकतो. भावंडांपैकी एक शेतात राबले आणि एक घरात बसले, तर रंगात फरक पडायचाच.

शनीकडे पाहिले, तर गट आणि कुळ यांची गल्लत नावांतच बसलेली आढळते. शनीच्या दूरच्या उपग्रहांना तीन लोकांच्या पुराणांतून नावे देतात. ४५ ते ५० अंशांच्या आसपास कललेल्यांना उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांची, ३५ ते ४० अंशांवाल्यांना प्राचीन गॉल लोकांची आणि उलट फिरणाऱ्या सगळ्यांना नॉर्स लोकांची. पहिल्या दोन गटांत निदान कल तरी जवळचे आहेत. ‘नॉर्स गट’ मात्र केवळ एक पोतडी आहे. उलट फिरतो? टाक त्यात. पोतडीत कल, अंतर, रंग यांचे काही जमत नाही. १८९८ साली पेरू देशातील आरेकिपा येथे घेतलेल्या छायाचित्रांवरून विल्यम पिकरिंग यांनी शोधलेली फीबीही त्यातच मोजली जाते. तिचे नाव ग्रीक आहे, आकार दोनशे किलोमीटरच्या वर आहे आणि २००४ मध्ये कॅसिनी यानाने ती जवळून पाहिली, तेव्हा इतर कुणाच्याही पंगतीला बसवावे असे तिच्यात फारसे दिसले नाही. नामकरणाची सोय ही वर्गीकरणाची जागा घेते ती अशी. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या १२८ उपग्रहांच्या शोधकांनी त्या पोतडीच्या आतला एक छोटा पुंजका वेगळा काढला आहे, मुंडिलफारी या उपग्रहाभोवतीचा. त्यात लहान तुकडे इतके जास्त आहेत, की गेल्या दहा कोटी वर्षांत तिथे काहीतरी फुटले असावे असे ते म्हणतात. हा खरा कुळाचा दावा आहे. तो खोटा ठरू शकतो, म्हणूनच तो तपासता येतो. ‘नॉर्स गट’ हे नाव खोटे ठरूच शकत नाही, कारण ते काही सांगतच नाही.

आलेखातली रिकामी जागाही वाचायला शिकवावी. गुरूच्या दूरच्या उपग्रहांत ६० ते १२० अंशांच्या दरम्यान एकही ठिपका नाही. तिथे कुणी शोधले नाही असे नव्हे. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मिखाईल लिडोव्ह आणि योशिहिदे कोझाई यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की उभट कललेल्या कक्षेत सूर्याची ओढ कलाची देवाणघेवाण लंबगोलपणाशी करते. कक्षा लांबट, आणखी लांबट होत जाते. शेवटी उपग्रह आत शिरून गुरूच्या मोठ्या चंद्रांच्या वाटेत येतो किंवा बाहेर निसटतो. तेव्हा ती जागा रिकामी नाही, रिकामी झालेली आहे. उलट फिरणारे जास्त दूर का टिकतात, याचे उत्तरही सूर्याच्या ओढीतच आहे: त्या दिशेने फिरताना सूर्य त्यांना तितके बेचैन करू शकत नाही.

ही मंडळी मुळात गुरूकडे आली कशी? गुरूच्या भोवतीच्या तबकडीतून जन्मलेले उपग्रह असे उलटे आणि तिरके फिरले नसते, म्हणून ती बाहेरून पकडलेली असणार, यावर बहुतेकांचे एकमत आहे. पण पकडणे सोपे नाही. जवळून जाणारा पिंड जितक्या वेगाने आत येतो तितक्याच वेगाने बाहेर जातो. वेग कुठेतरी गमवावा लागतो. तात्पुरती अटक आपण पाहिली आहे: शूमेकर-लेव्ही ९ हा धूमकेतू काही दशके गुरूभोवती फिरला, १९९२ मध्ये फुटला आणि जुलै १९९४ मध्ये त्याची शकले गुरूवर आदळली. कायमच्या अटकेसाठी बालपणीच्या गुरूभोवतीच्या वायूचे घर्षण (१९७९ मध्ये पोलॅक, बर्न्स आणि टॉबर यांनी मांडलेली कल्पना) किंवा मोठे ग्रह एकमेकांजवळून गेले तेव्हा झालेली ओढाताण (२००७ मध्ये नेस्वॉर्नी आणि सहकाऱ्यांनी मांडलेली) पुढे केली जाते. आमचा कल दुसऱ्या कल्पनेकडे आहे. पण हा लेख अटकेचा नाही, अटकेनंतरच्या वाताहतीचा आहे.

त्या वाताहतीचा एक नमुना २०१८ साली जाहीर झाला. स्कॉट शेपर्ड आणि सहकाऱ्यांनी शोधलेला व्हॅलेटुडो हा जेमतेम एक किलोमीटरचा उपग्रह गुरूपासून सुमारे १९० लाख किलोमीटरवर सुलट फिरतो. त्याच्या आजूबाजूला फिरणारे बाकीचे जवळजवळ सगळे उलट. रस्त्यांच्या पातळ्या वेगळ्या असल्या, तरी ते एकमेकांना छेदतात. इथे समोरासमोर टक्कर झाली, तर तुकड्यांचा वेग आपल्या वीस मीटरच्या हिशेबात बसणार नाही. व्हॅलेटुडो स्वतः अशाच एखाद्या टकरीतून उरलेला ढलपा असावा, असे शोधकांना वाटते. आमच्या आलेखात तो कोणत्याच वर्तुळात बसत नाही. ते आम्हाला बरे वाटते.

आता प्रश्नपत्रिकेचे काय? २०२४च्या प्रश्नमंजूषेत आम्ही ‘सर्वांत जास्त उपग्रह कोणाला’ हा प्रश्न काढून टाकला. त्याऐवजी प्रत्येक संघाला वरच्या आठ ठिपक्यांचा आलेख दिला आणि सांगितले, गट करा आणि ज्या ठिपक्याविषयी तुमची खात्री सर्वांत कमी आहे, त्याच्याशेजारी प्रश्नचिन्ह काढा. कारण एका वाक्यात. नऊ संघ होते. सहांनी दोन वर्तुळे काढली आणि प्रश्नचिन्ह काढलेच नाही. बहुधा प्रश्नचिन्ह काढले तर गुण जातील अशी भीती. दोन संघांनी अनान्केवर प्रश्नचिन्ह काढले, कारण ‘ती बाकीच्यांपासून आत आहे’. एका संघाने वरचे चारही ठिपके वेगवेगळे ठेवले आणि लिहिले, ‘चारांवरून सांगता येत नाही.’ उत्तरपत्रिकेत यांपैकी काहीच नव्हते. परीक्षक म्हणून बसलेले आम्ही तिघे त्या संघाला पूर्ण गुण द्यावेत की निम्मे, यावर अर्धा तास वाद घालत राहिलो आणि तोवर सभागृहाच्या शिपायाने पंखे बंद करायला सुरुवात केली होती.